पिटावरचे सोफे आणि जत्रेतली पायपेटी

संगीत नाटकात साथीला बसलेल्या माणसाला गाणाऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे. कोकणच्या दौऱ्यावरून आल्यापासून भेटेल त्याला मी हेच सांगते आहे, म्हणून आता लिहूनच काढते.

मी ऑर्गन वाजवते. जानेवारीत आमची मंडळी एक जुनं संगीत नाटक घेऊन चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत फिरली. कुंभार्ली घाट उतरलो आणि हवा बदलली. पुण्यात चढवून आणलेला तबला उतरला, ऑर्गनच्या काही पट्ट्या फुगल्या आणि दाबल्या की खालीच राहायला लागल्या. कोकणात हे व्हायचंच. तबलजी हातोडी घेऊन बसतो, मी पट्ट्यांच्या कडांना हलका पॉलिशपेपर मारते, संध्याकाळपर्यंत दोन्ही वाद्यं रुळावर येतात.

रत्नागिरीचा प्रयोग फार सुंदर रंगला. त्या गावाला नाट्यपदं पाठ आहेत. राज्य संगीत नाट्य स्पर्धा वर्षानुवर्षं तिथे भरत आली, खल्वायनसारखी संस्था तिथे संगीत नाटकं करते, आणि खाली राजापूर तालुक्यात आडिवऱ्याला तर ऑर्गन घडवले जातात. असा प्रेक्षक समोर असला की पायांना दमणूक जाणवत नाही.

तक्रार आहे ती त्याच्या पुढच्या एका गावाची. नाट्यगृहात शिरले तर पिट, म्हणजे रंगमंचासमोरची वादकांची खोलगट जागा, गायब. वर फळ्या टाकून गालिचा अंथरला होता आणि त्यावर पाहुण्यांसाठी सोफे मांडले होते. आम्हाला जागा दिली विंगेत, काळ्या पडद्याआड. "मॉनिटरमधून सगळं ऐकू येईल, मॅडम," असं ध्वनिव्यवस्था बघणारा मुलगा मनापासून म्हणाला. त्याच्यावर माझा राग नाही. ऐकू आलंही. पण ऐकून वाजवायला गेलं की आपण गाण्याच्या मागे पडतो.

ऑर्गन पायांनी चालतो आणि बाहेरची हवा आत ओढून वाजतो. हातपेटीचं उलट आहे, तिथे भात्यातली हवा बाहेर ढकलली जाते आणि सूर चटकन उमटतो. ऑर्गनचे खालचे सूर बोलायला किंचित वेळ घेतात, त्यामुळे पाय आधीपासून तयार लागतात. गाणारीने श्वास भरला, खांदे जरा उचलले, की मला कळतं आता पद उठणार. तान कुठे वळवून ती मुखडा पकडणार हे तबलजीला तिच्या नजरेवरून कळतं. त्या रात्री विंगेतून आम्हाला दिसत होती तिची पाठ आणि वेणी. दुसऱ्या अंकात तिला सुचलं आणि तिने एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, वाढवलं. चांगलं सुचलं होतं. आम्हाला उमगेपर्यंत तबला समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन थांबला होता. ती पुढे गायली, पण नंतर पूर्ण प्रयोगभर तिने काही नवीन केलं नाही. ठरलेलं तेवढंच गायली. मला याचं सगळ्यात वाईट वाटलं.

जेवताना आयोजकांपैकी एकांनी सुचवलं, "पुढच्या वेळी ट्रॅकवर करा ना, तुमचाही त्रास वाचेल." ट्रॅकवर म्हणजे आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या साथीवर. त्यावर वन्स मोअर कसा घ्यायचा? आज आवाज लागला आहे म्हणून एक फेर जास्त कसा घ्यायचा? बालगंधर्वांच्या नाटकांना ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर अहमदजान थिरकवाँ असे लोक साथीला होते. ती साथ हा त्या गाण्याचा अर्धा जीव होता. मी हे सगळं बोलले, जरा चढ्या आवाजात बोलले, आणि खोलीवर जाऊन झोपले.

मधल्या सुटीच्या रात्री आमच्या खानावळीच्या मालकीणबाई म्हणाल्या, आमच्या गावची जत्रा आहे, या. गेलो. देवळाबाहेर खाजाची आणि भज्यांची दुकानं, ओटी भरायला लांब रांग, मध्यरात्रीच्या सुमारास पालखीची प्रदक्षिणा. पालखी देवळात गेली आणि दशावतार, हे इकडचं रात्रभर चालणारं लोकनाट्य, सुरू झाला. गणपती, रिद्धी-सिद्धी, मग संकासुर मालवणीत पोरांना हसवून गेला, आणि नंतर आख्यान, म्हणजे रात्रीची मुख्य पौराणिक कथा, लागलं. गर्दी इतकी की मांडी घालायलाही जागा नाही. बाईंनी पुढे जाऊन कोणाला तरी सांगितलं असावं, कारण एक काका येऊन मला म्हणाले, "तुमी पेटी वाजवतास? मगे हय येवन बसा." आणि त्यांनी मला थेट रंगमंचाच्या कडेला, वादकांच्या बाकाशेजारी नेऊन बसवलं.

पायपेटी, पखवाज, झांज. एवढीच साथ, आणि तीही सगळ्या गावाला दिसेल अशी बसलेली. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कोणी काय व्हायचं ते ठरतं, आणि बोलणं नटाने तिथल्या तिथे रचायचं. म्हणजे पद केव्हा येणार हे कागदावर कुठेच नाही. तरी राजाने बोलता बोलता पद उचललं आणि पहिली ओळ पुरी व्हायच्या आत पेटी त्याच्या सुरात होती. चाल ओळखीची, जुन्या नाट्यपदाची, शब्द मात्र आख्यानाचे. मग युद्ध आलं. पखवाजवाल्याची नजर राजाच्या पावलांवर खिळलेली. राजा गिरकी घेऊन थांबला की थाप तिथेच पडायची. मला रडू आलं. इतकी जागेवरची साथ मी कित्येक दिवसांत ऐकली नव्हती.

मी नीट बघायला लागले तेव्हा कळलं की पेटी कधी बंदच होत नाही. संभाषण चालू असतानाही हलका सूर धरलेला असतो, आणि नट बोलतो तोही त्या सुराला टेकूनच. पद येतं तेव्हा दोघं आधीपासून एका ठिकाणी असतात. पहाटे खेळाच्या शेवटची दहीहंडी फुटल्यावर मी पेटीवाल्या काकांना विचारलं, कसं जमतं? ते म्हणाले, "तो बोलताना सूर धरता. तेच्या तोंडाकडे बघीत रवाचा." रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा, असं दशावतारी कलाकारांबद्दल म्हणतात. आता बोजा टेम्पोतून जातो, पण राजाच तो भरायला मदत करत होता, आणि त्याच दिवशी रात्री दुसऱ्या गावात त्यांचा खेळ होता. आम्ही वातानुकूलित बसमध्ये कुरकुरतो ते मला नको वाटलं.

मालवण, सावंतवाडी, मासे, समुद्र, सगळं छान झालं. त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत.

शेवटच्या मुक्कामी पुन्हा पिटावर खुर्च्या. या वेळी मी सकाळीच जाऊन आयोजकांना भेटले. खुर्च्या हलणार नाहीत म्हणाले, पाहुण्यांना नावानिशी निमंत्रणं गेली होती. मग मी म्हटलं, ऑर्गन आणि तबला रंगमंचावरच, पुढच्या कोपऱ्यात ठेवते, प्रेक्षकांना दिसला तर दिसू दे. नेपथ्य करणाऱ्या दादांनी महालाचा एक खांब हातभर मागे सरकवला आणि जागा केली. नांदीपासूनच गाणारीचा आवाज मोकळा लागला. भैरवीला तिने आमच्याकडे बघून मान हलवली, वन्स मोअर घेतला, आणि दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा वेगळी गायली.

आता आमच्या निर्मात्यांनी आयोजकांना जाणाऱ्या पत्रात एक ओळ घातली आहे: पिट मोकळं हवं, नाहीतर वादक रंगमंचावर बसतील. ज्यांना संगीत नाटक बोलवायचं आहे त्यांनी कृपा करून सोफे दुसऱ्या रांगेपासून मांडावेत. तिथूनही गाणं उत्तम ऐकू येतं.