सेन्सर बदलला, पण बदलून मिळेना : माझा अनुभव

मला टाईप १ मधुमेह आहे, दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेते. दंडावरचा ग्लुकोज सेन्सर (दंडाला चिकटून दिवसरात्र साखर मोजणारे छोटे यंत्र) एका प्रकारचा सोडून दुसऱ्या प्रकारचा लावायचा, एवढेच काम होते. लावायला पाच मिनिटे लागली. नव्याचा पहिलाच नग चुकीचे आकडे दाखवत निघाला आणि तो बदलून मिळवण्यात बावीस दिवस गेले. हे सगळे आधी कुणी सांगितले असते तर निम्मे दिवस वाचले असते, म्हणून लिहिते आहे.

जुना होता फ्रीस्टाइल लिब्रेचा पहिला प्रकार. १४ दिवस चालतो, फोन टेकवला की आकडा दाखवतो, पण स्वतःहून काही कळवत नाही. त्याच्यात फक्त ८ तासांची नोंद राहते. रात्री दहाला टेकवून सकाळी सातला टेकवला तर मधल्या एका तासाची नोंद मिळतच नाही. झोपेत शुगर ५५ वर आली तरी उठवणारे कुणी नाही, म्हणून ब्लूटूथवरून आपोआप आकडे पाठवणारा आणि अलार्म देणारा हवा होता. डॉक्टरांची चिठ्ठी, मेडिकलमधली खरेदी, ॲपवर खाते काढणे हे सगळे विनासायास झाले. नव्याचे नाव मुद्दामच लिहीत नाही.

एक गोष्ट मात्र मी बरोबर केली. जुन्याचे दोन दिवस शिल्लक असतानाच नवा दुसऱ्या दंडावर लावला. जुना काढायचा आणि मग नवा लावायचा, असे कधीही करू नका. सेन्सरचा बारीक धागा कातडीखाली साधारण ५ मिलिमीटर जातो. तिथे जखम होते, सूज येते, आणि त्या सुजेमुळे पहिले २४ तास आकडे भरवशाचे नसतात, बहुधा खरे असते त्यापेक्षा कमी दिसतात. नवा 'तयार' झाल्याचे ॲप तासाभरात सांगते, पण तयार म्हणजे अचूक नव्हे. पहिल्या रात्री नव्याने ६२ चा अलार्म दिला तेव्हा जुना ९८ दाखवत होता आणि बोटाची टोचणी, म्हणजे बोट टोचून ग्लुकोमीटरवर घेतलेला आकडा, १०४. जुना नसता तर मी साखर खाल्ली असती आणि सकाळी २५० वर उठले असते. त्या २४ तासांत इन्सुलिनचा डोस फक्त बोटाच्या आकड्यावर ठरवायचा.

पहिल्या रात्रीचे ठीक होते. दुसऱ्या दिवशीही नवा तसाच खाली, तिसऱ्या दिवशीही. म्हणून हेल्पलाइनला फोन लावला, आणि गाडी तिथे अडली.

पहिल्या फोनला पस्तीस मिनिटे वाट पाहिली. पहिला प्रश्न : सेन्सरचा अनुक्रमांक. तो खोक्यावर आणि लावण्याच्या यंत्रावर छापलेला असतो, आणि दोन्ही मी कचऱ्यात टाकले होते. ॲपच्या माहितीच्या पानावर तो सापडला. पण तिथेच 'सेन्सर बंद करा' हे बटण आधी दाबले असते तर तोही पुसला गेला असता. तेव्हा सेन्सरवर शंका आली की पहिले काम म्हणजे त्या पानाचा स्क्रीनशॉट. सेन्सर बंद करू नका, काढू नका, ॲप पुसून पुन्हा टाकू नका. काढलेल्या सेन्सरबद्दल तक्रार केली की पहिला आक्षेप येतो, तो तुम्हीच काढला. रक्त येत असेल किंवा खूप दुखत असेल तर अर्थातच काढा, पण आधी फोटो घ्या.

दुसरा प्रश्न : बॅच क्रमांक आणि बिल. मेडिकलचे बिल माझ्याकडे होते, पण त्यावर बॅच नव्हता. दुकानदाराने पुन्हा नीट बिल करून दिले, त्यात तीन दिवस गेले. आता मी घेतानाच बिलावर बॅच आणि अनुक्रमांक लिहून घेते. चारपाच हजारांची वस्तू आहे, मागायला संकोच कशाला?

तिसरा टप्पा सर्वांत चिवट : तुलनेचे आकडे. सेन्सर चुकतो हे तोंडी सांगून चालत नाही. ग्लुकोमीटरचा आकडा, त्याच पाच मिनिटांतला सेन्सरचा आकडा, वेळ, बाणाची दिशा (शुगर चढते, उतरते की स्थिर आहे ते ॲपवर दाखवणारा बाण), मीटर कोणता, पट्ट्यांची मुदत, हे सगळे लागते. मी पहिल्यांदा पाच जोड्या दिल्या आणि त्यातल्या तीन बाद ठरल्या. राग आला, पण बाद करण्याचे कारण खरे आहे. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, पेशींभोवतीच्या द्रवातली मोजतो, आणि तो द्रव रक्ताच्या पाच ते पंधरा मिनिटे मागे चालतो. जेवणानंतर तासाभराने मी घेतलेली २१२ आणि १५० ही जोडी म्हणूनच निरुपयोगी होती. शुगर चढत होती, तेव्हा सेन्सर मागे असणारच. जोडी घ्यायची ती बाण आडवा असताना, उपाशीपोटी किंवा जेवणाच्या आधी, चालून आल्यावर नाही, आणि इन्सुलिन घेतल्यावर लगेच नाही. हात साबणाने धुवून पूर्ण कोरडे करायचे. आंबा सोललेल्या बोटाची टोचणी पन्नास-शंभर आकडे सहज वर दाखवते, सॅनिटायझरने ती साखर नीट जात नाही.

मग दोन दिवसांत पुन्हा तीन जोड्या घेतल्या. सकाळी ७.१० : मीटर १३२, सेन्सर ९६. दुपारी १ वाजता जेवणाआधी : १४८ आणि १०९. संध्याकाळी ६.४५ : १२१ आणि ९३. म्हणजे अनुक्रमे २७, २६ आणि २३ टक्के कमी, तिन्ही वेळा एकाच दिशेने. सेन्सर चुकतो हे ठरवायला साधारण वापरला जाणारा निकष असा : मीटर ८० च्या वर असेल तर २० टक्क्यांपेक्षा जास्त फरक, ८० च्या खाली असेल तर २० आकड्यांपेक्षा जास्त फरक. मीटरलाही सूट असते हे लक्षात ठेवा. ग्लुकोमीटरसाठीच्या आयएसओ १५१९७ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीप्रमाणे १०० च्या वरच्या आकड्यात १५ टक्के इकडेतिकडे चालते. मीटर १४० म्हणाला तर खरी शुगर साधारण १२२ ते १६५ मध्ये कुठेही असू शकते. सेन्सर १२५ दाखवतो म्हणून भांडायला जाऊ नका. एका जोडीवर काही ठरत नाही, तीन जोड्या एकाच बाजूला झुकल्या तरच बोला.

आणि हे आकडे लिहून ठेवा. तीन वेळा फोन केला, तीन वेळा वेगळी व्यक्ती, तिन्ही वेळा पहिल्यापासून सुरुवात. तक्रार क्रमांक मला पहिल्या फोनला दिलाच नव्हता, मीही मागितला नाही. दुसऱ्या फोनला कळले की पहिल्याची नोंदच झालेली नाही. तिसऱ्यापासून मी फोन संपायच्या आत सांगू लागले, 'तक्रार क्रमांक द्या आणि तोच ईमेलवर पाठवा, मी थांबते.' ईमेल आली तेव्हा फॉर्मची लिंक मिळाली. फॉर्ममध्ये महिना आधी आणि दिवस नंतर. ७ तारखेला लावलेला सेन्सर त्यांच्या लेखी वेगळ्याच महिन्यात लागला आणि फॉर्म 'मुदतीबाहेर' म्हणून परत आला. त्यात आणखी चार दिवस गेले. तारीख लिहिताना महिना अक्षरांनी लिहिता येत असेल तर तसाच लिहा.

शेवटी सेन्सर परत मागितला. तो झिपच्या पिशवीत ठेवला होता म्हणून देता आला. लावण्याच्या यंत्रात सुई असते, ते उघडे पाठवू नका. कुरियरचा माणूस येईपर्यंत पाच दिवस, बदली नग येईपर्यंत आणखी सहा. या अकरा दिवसांत मी जुन्याच प्रकारचा एक जादा सेन्सर लावून होते. तो घरात नसता तर दिवसाला आठ-दहा टोचण्या, आणि एक पट्टी वीसेक रुपयांची. बदल करायचा ठरवले की जुन्या प्रकारचा एक नग शिल्लक ठेवूनच करा, त्याच्या मुदतीची तारीख पाहून. मुदत संपलेला सेन्सर ॲप सुरूच करून घेत नाही.

बदली सेन्सर लावल्यावर २४ तासांनी मीटर १२६, सेन्सर ११९. दुसऱ्या दिवशी ९४ आणि ९०. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

आता राहिलेले. रात्री तीनला अचानक ५८, आणि कूस बदलल्यावर पंधरा मिनिटांत ९५ दिसले तर तो बिघाड नाही, सेन्सरवर झोपल्यामुळे आलेला दाबाचा खोटा लो (शुगर कमी झाल्याचा आकडा) आहे. याची तक्रार करू नका, बाद होते. त्याउलट खरा लो आला तर १५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन १५ मिनिटांनी बोटाची टोचणी करा, सेन्सरकडे पाहत बसू नका. तो मागे असतो, अजून ६० च दाखवतो, आणि माणूस घाबरून पुन्हा गोड खातो.

फोनचे आधी सांगायला हवे होते. टेकवून वाचायच्या किंवा टेकवून सुरू करायच्या सेन्सरला फोनमध्ये एनएफसी (फोन टेकवून माहिती वाचायची सोय) लागते, आणि आपल्याकडच्या कितीतरी स्वस्त फोनमध्ये ती नसते. सेन्सर घेण्याआधी सेटिंगमध्ये पाहा. अलार्मवाल्याला वेगळी अडचण. अनेक अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारे ॲप बंद करतात आणि अलार्म वाजतच नाही. बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्या ॲपला 'निर्बंध नाही' करा, सूचना आणि 'व्यत्यय नको' ओलांडण्याची परवानगी द्या, मग जास्त शुगरच्या अलार्मची मर्यादा काही वेळ १५० वर ठेवून तो खरोखर वाजतो का ते दिवसा तपासा.

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांकडून सेन्सर मागवणारे बरेच आहेत. जपून. ॲप देशाप्रमाणे वेगळे असते, तिकडचा सेन्सर इकडच्या ॲपवर सुरू न होण्याची शक्यता असते. ब्रिटनचे आकडे वेगळ्या एककात येतात, त्यांना १८ ने गुणले की आपले होतात. तिकडचे ५.५ म्हणजे आपले ९९. आणि त्यात काही बिघडले तर इथली हेल्पलाइन कितपत दाद देईल?

औषधांचा परिणामही प्रकाराप्रमाणे बदलतो. लिब्रे २ मध्ये दिवसाला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क जीवनसत्त्व घेतले तर आकडा खोटा वर जाऊ शकतो. सर्दीत चघळायच्या ५०० च्या दोन गोळ्या झाल्या की मर्यादा ओलांडली. मेडट्रॉनिक कंपनीच्या गार्डियन सेन्सरचा आकडा पॅरासिटामॉल वर नेते, डेक्सकॉम जी ६ या सेन्सरला मात्र दर सहा तासांनी १ ग्रॅमपर्यंत चालते. नव्या सेन्सरच्या पुस्तिकेत हे पान आधी वाचा, जुन्याची सवय कामाची नाही.

चिकटण्याचे : आंघोळीनंतर अंगाला तेल किंवा लोशन लावायची सवय असेल तर त्या दिवशी नको. साधा साबण, स्पिरिटचा बोळा, पूर्ण कोरडे, मग लावून अर्धा मिनिट तळव्याने दाबून धरा. जागा इन्सुलिनच्या टोचणीपासून निदान तीन इंच दूर. तंग बाहीच्या ब्लाऊजने कडा उचलली जाते, पावसाळ्यात घामाने सुटते, त्यावर छिद्र ठेवून पारदर्शक पट्टी लावता येते. काढताना खोबरेल तेल कडेने लावून पाच मिनिटे थांबा. मे महिन्यात कुरियरने मागवू नका. खोक्यावर साधारण २५ ते ३० अंशांची वरची मर्यादा छापलेली असते, आणि नागपूर-अकोल्यात कुरियरच्या गाडीत त्या दिवसांत काय तापमान असेल ते सांगायला नको.

डॉक्टरांना बदलाची तारीख सांगा. दोन कंपन्यांचे अहवाल एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून जुना पीडीएफ आधी उतरवून ठेवा. सेन्सरच्या सरासरीवरून अंदाजे एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची साखर सांगणारा टक्क्यांतला आकडा) काढतात तो असा : ३.३१ अधिक सरासरी गुणिले ०.०२३९२. सरासरी १५४ असेल तर जवळपास ७. नवा सेन्सर नुसता १५ आकडे खाली वाचत असेल तर हाच आकडा ६.६ दिसतो. तुमच्यात काहीही बदललेले नसते आणि इन्सुलिन मात्र बदलले जाते. माझ्या वहीत आता बदलाच्या तारखेसमोर तीन जोड्या लिहिलेल्या असतात, आणि डॉक्टर अहवालाआधी तेच पान मागतात.