एल्विसनं काय बिघडवलं?

जुन्या रिदम अँड ब्लूजचं, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीताचं, वेड आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘तुम्हाला मूळ गाणंच का भारी वाटतं? नंतरच्यानं गायलं तर बिघडलं कुठे?’

दर वेळी बिघडतं असं नाही, पण ‘हाउंड डॉग’चं बिघडलं. एल्विस प्रेस्लीनं १९५६ मध्ये गायलेलं सगळ्यांना ठाऊक असतं. बिग मामा थॉर्नटन या गायिकेनं ते १९५२ मध्येच लॉस एंजेलिसला रेकॉर्ड केलं होतं. लिहिणारे जेरी लीबर आणि माइक स्टोलर, दोघंही १९ वर्षांची पोरं. हाउंड डॉग म्हणजे इथे कुत्रा नव्हेच. बाईच्या जिवावर जगणारा आयतोबा. त्याला ती दारातून हाकलतेय. साथीला गिटार, बास आणि ड्रम, बस्स. पहिल्याच शब्दाला आवाज घसा खरवडत वर येतो. मधे गिटार वाजते तेव्हाही बाई गप्प नाहीत, तोंड चालूच. आणि शेवटी वादक मंडळीच भुंकायला लागतात! मी दर वेळी तिथे हसतो.

एल्विसनं उचललं ते थॉर्नटनचं नव्हे, लास व्हेगासमध्ये फ्रेडी बेल गायचा ते. बेलनं शब्द बदलले होते. गाण्यात कुत्र्याला न सापडलेला ससा आला, आयतोबा गेला. उरला तो खरोखरचा कुत्रा, आणि त्याच्यावर पुरुष कशाला एवढा चिडेल? चाल झकास आहे, मान्य. भांडण मात्र हरवलं. थॉर्नटन सांगायची, या गाण्याचे तिला ५०० डॉलर मिळाले.

‘रिस्पेक्ट’च्या बाबतीत मात्र मी पक्ष बदलतो. ओटिस रेडिंगच्या १९६५च्या मूळ गाण्यात कमावून घरी येणारा पुरुष मान मागतो. १९६७ मध्ये अरीथा फ्रँकलिननं तीच मागणी बाईच्या तोंडी घातली. शब्दाचं एकेक अक्षर सुटं करून ठणकावणं तिचंच, रेडिंगकडे ते नाही. ऐकल्यावर मूळ गाणं जरा कुरकुरच वाटतं.

गंमत म्हणजे अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं की पैसे लिहिणाऱ्याकडे जातात, गाणाऱ्याकडे नाही. अरीथाचं ‘रिस्पेक्ट’ वाजलं तरी मिळकत रेडिंगच्या बाजूला. त्यानं लिहिलं होतं ना, तिनं नुसतं गायलं. थॉर्नटननंही नुसतंच गायलं होतं.