घनता विसरली की गणित फसते

द्रावणाची संहती (त्यात पदार्थ किती विरघळला आहे याचे प्रमाण) एका एककातून दुसऱ्या एककात नेताना माझी चूक बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होत असे: बाटलीवरची टक्केवारी वजनाची आहे की आकारमानाची, हे न पाहताच मी आकडेमोडीला लागत असे. संहत हायड्रोक्लोरिक आम्लाचेच उदाहरण घ्या. वजनी ३७ टक्के म्हणजे १०० ग्रॅम द्रावणात ३७ ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड; १०० मिलिलिटरमध्ये नव्हे. घनता १.१९ ग्रॅम प्रति मिलिलिटर धरली, तर एक लिटर द्रावण ११९० ग्रॅम भरते, त्यात सुमारे ४४० ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड असते आणि त्याला ३६.४६ या मोलर वस्तुमानाने (एका मोलच्या, म्हणजे कणांच्या एका ठरावीक संख्येच्या, ग्रॅममधील वजनाने) भागले की मोलारिटी (एक लिटर द्रावणात विरघळलेल्या पदार्थाचे मोल) साधारण १२.१ येते. घनता विसरून थेट ३७० ग्रॅम धरणाऱ्याच्या हाती मात्र १०.१५ लागते, आणि ही तफावत किरकोळ नाही. मोलॅलिटी (एक किलोग्रॅम द्रावकामागे विरघळलेल्या पदार्थाचे मोल) काढताना द्रावण नव्हे, तर केवळ द्रावक, म्हणजे इथे पाणी, विचारात घ्यायचा असतो. ११९० मधून ४४० वजा जाता उरलेल्या ७५० ग्रॅम पाण्यावरून उत्तर १६.१ च्या आसपास येते. अतिविरल जलीय द्रावणात हे दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच निघतात, आणि निष्काळजीपणाची सवय (निदान मला तरी) तिथेच लागली. तापमान वाढले की द्रावण प्रसरण पावते, त्यामुळे मोलारिटी किंचित घटते. मोलॅलिटी तशीच राहते.