सभासदत्व सर्वांना, भिंत निवडीने: आमच्या सहकारी कलादालनाचा अनुभव

कोल्हापूरला कलापूर म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि चित्रकार आबालाल रहिमान यांनी रंगवलेले रंकाळा व कोटितीर्थ हे तलाव ज्याने पाहिले आहेत त्याला ती रीत अतिशयोक्तीची वाटत नाही. तरीही येथील चित्रकाराचे चित्र वर्षातले किती दिवस लोकांसमोर असते, असे विचारले तर उत्तर फारसे उत्साहवर्धक मिळत नाही. दसरा चौकातील राजर्षी शाहू स्मारक भवनाचे दालन काही दिवसांसाठी घ्यायचे, निमंत्रणपत्रिका छापायच्या, उद्घाटनाला पाहुणे बोलवायचे आणि शेवटच्या संध्याकाळी चित्रे जुन्या चादरींत गुंडाळून टेम्पोने घरी आणायची, हा क्रम आमच्यापैकी बहुतेकांच्या अंगवळणी पडला होता. मोठ्या शहरांतील खासगी दालने चित्रे ठेवून घेतात, परंतु विक्रीच्या रकमेतील तिसरा हिस्सा, कधी निम्मासुद्धा, त्यांच्याकडे राहतो आणि तेथवर पोहोचायला लागणाऱ्या ओळखी प्रत्येकाजवळ नसतात. म्हणून आम्ही काही जलरंगकार, एक मुद्राचित्रकार (कोरलेल्या ठशावरून चित्रे छापणारा), दोन शिल्पकार आणि एक सुलेखनकार यांनी मिळून स्वतःचे कायमचे दालन उभारायचे ठरवले.

पहिला प्रश्न संस्थेच्या स्वरूपाचा होता. कलामंडळे सामान्यतः १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदवली जातात. त्यासाठी सात जण पुरतात, आणि त्याबरोबर धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंद होते. हा मार्ग परिचित असला तरी न्यासाचे उत्पन्न सभासदांत वाटता येत नाही, आणि आम्हाला तर चित्रे विकून सभासदांचे घर चालण्यास हातभार लावायचा होता. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये ती सोय आहे. एका सभासदाला एकच मत, मग त्याचे भाग (शेअर) कितीही असोत. एकूण भागभांडवलाच्या एक पंचमांशाहून अधिक भाग कोणाही एका व्यक्तीकडे नसावेत. निव्वळ नफ्यातील किमान चौथा हिस्सा राखीव निधीत जावा आणि लाभांश १५ टक्क्यांच्या आत असावा, ही बंधने आम्हाला अडचणीची न वाटता सोयीचीच वाटली, कारण एखाद्या धनवान सभासदाच्या हाती दालन जाण्याची भीती त्यामुळे उरत नव्हती. कोल्हापुरात सहकार कोणाला समजावून सांगावा लागत नाही. आमच्या बोळातील दूध संस्थेच्या सचिवांनी मात्र बेत ऐकून विचारले, “चित्रांची सोसायटी? मग फॅट कशानं मोजणार?” त्यांचा प्रश्न थट्टेचा होता, पण पुढे तो आमच्या सभांमध्ये फार गंभीरपणे चर्चिला गेला.

नोंदणीची प्रक्रिया कष्टाची असली तरी सरळ आहे. प्रवर्तकांची, म्हणजे संस्था स्थापन करणाऱ्यांची, सभा घेऊन मुख्य प्रवर्तक निवडावा लागतो, संस्थेचे नाव राखून घ्यावे लागते, बँकेत खाते उघडून भागाची व प्रवेश फीची रक्कम भरावी लागते, आणि उपविधींच्या, म्हणजे संस्थेच्या अंतर्गत नियमांच्या, प्रतींसह प्रस्ताव सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे द्यावा लागतो. प्रवर्तक किमान दहा असावेत आणि ते दहा वेगवेगळ्या कुटुंबांतील असावेत, अशी अट आहे. आमच्यात एक चित्रकार दाम्पत्य होते. त्यांनी आपसांत चिठ्ठी टाकली, ताई प्रवर्तक झाल्या आणि त्यांच्या यजमानांनी नोंदणीनंतर रीतसर अर्ज करून सभासदत्व घेतले. घरात अजूनही त्या ज्येष्ठ सभासद समजल्या जातात. उपविधींसाठी आम्ही कारागिरांच्या उत्पादक संस्थांचा नमुना समोर ठेवला. सर्वांत जास्त घाम फोडला तो व्यवहार्यतेच्या अहवालाने. वर्षाला किती चित्रे विकली जातील याचा आकडा छातीठोकपणे लिहिण्यास कोणीच तयार नव्हते, तेव्हा चित्रविक्री अत्यल्प धरून रविवारचे वर्ग, छपाईयंत्राचे भाडे आणि चौकटी करून देण्याचे काम यांवर आम्ही ताळमेळ बसवला. तो अंदाज बऱ्याच अंशी खरा ठरला, हे येथे नमूद केले पाहिजे.

मूळ पेच उपविधींचा मसुदा वाचताना लक्षात आला. सहकारात सभासदत्व खुले असते. पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय नाकारता येत नाही, नाकारल्यास कारण लेखी कळवावे लागते, आणि अर्जावर तीन महिन्यांत काहीच कळवले नाही तर अर्जदार सभासद झाल्याचे मानले जाते. दूध संस्थेला हे सहज पेलते, कारण दुधाचे फॅट यंत्रावर दिसते. चित्राचे काय करावे? प्रत्येक सभासदाला भिंतीवर हक्क दिला तर दालनाची पत राहत नाही, आणि चांगल्या चित्रांपुरतेच सभासदत्व ठेवले तर ती सहकारी संस्था न राहता निवडक मित्रांचे मंडळ होते. मित्रांची मंडळे उत्तम काम करतात, यात शंका नाही; १९४७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपने भारतीय चित्रकलेची दिशा बदलली. परंतु त्यातील चित्रकार सूझा १९४९ मध्ये लंडनला आणि रझा १९५० मध्ये पॅरिसला गेल्यावर तो गट फार काळ तग धरू शकला नाही. आम्हाला माणसे बदलली तरी चालू राहील अशी व्यवस्था हवी होती.

या संदर्भात चेन्नईजवळील चोलामंडल कलाग्रामाला दिलेली भेट उपयोगी पडली. मद्रासच्या कलाशाळेचे प्राचार्य के. सी. एस. पणिक्कर यांच्या पुढाकाराने १९६६ मध्ये इंजंबक्कम येथे समुद्राकाठी हे ग्राम उभे राहिले. तेथील कलावंतांनी बाटिक (मेण लावून रंगवलेले कापड) आणि इतर हस्तकलेच्या वस्तू करून विकल्या, त्या पैशातून सुमारे दहा एकर जमीन घेतली, आणि अशा रीतीने उदरनिर्वाहाचे काम व स्वतःची चित्रे यांची फारकत केली. आम्हाला एकत्र राहायचे नव्हते. आमच्या नोकऱ्या, शेती आणि मुलांच्या शाळा जागच्या जागी होत्या. परंतु पोटासाठीचे काम एका खात्यात आणि चित्र दुसऱ्या खात्यात, ही विभागणी आम्ही मनोमन उचलली आणि तिच्याच धर्तीवर आमचा पेच सोडवला. सभासदत्व प्रत्येक काम करणाऱ्या कलावंताला खुले ठेवले. वर्ग, यंत्र, साठवणुकीची खोली आणि मत यांवर सर्वांचा सारखा हक्क ठरला. भिंत मात्र निवडीने मिळेल, असे उपविधींत स्पष्ट लिहिले.

निवड कोणी करावी, यावर बराच खल झाला. बाहेरचे तज्ज्ञ बोलावण्याची सूचना खर्चापोटी आणि काहीशी अभिमानापोटीही मागे पडली. शेवटी दर प्रदर्शनापूर्वी सभासदांच्या नावांच्या चिठ्ठ्या काढून तिघांची समिती करायची, समितीवर असलेल्याने त्या खेपेस स्वतःचे चित्र द्यायचे नाही, आणि नाकारलेल्या प्रत्येक चित्राचे कारण चित्रकाराच्या समोर बोलून सांगायचे, असा नियम झाला. हा शेवटचा भाग माझ्या मते संपूर्ण उपविधींत सर्वांत मोलाचा आहे, आणि सर्वांत अवघडही. पहिल्याच निवडीत आमच्यातील सर्वांत ज्येष्ठ जलरंगकारांचे एक चित्र बाजूला राहिले. ते शाळेत चित्रकला शिकवत असत आणि समितीवर त्यांचाच एक जुना विद्यार्थी होता. तो बराच वेळ चित्राकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “सर, घाटाच्या पायऱ्या फार सुंदर उतरल्यात. पण आभाळ तुमच्या आधीच्या तीन चित्रांतलंच आहे, ते बघून आणलेलं नाही.” सरांनी चष्मा काढून चित्र जवळून पाहिले. “खरं आहे,” ते म्हणाले. “शाळेत असताना एवढं बघितलं असतंस, तर तुला पहिला नंबर दिला असता.” त्यानंतर कारणे सांगण्याचा संकोच बराचसा गेला. पूर्णपणे गेला असे म्हणता येणार नाही. एक सभासद अजूनही निवडीच्या दिवशी गावी जातात.

जागा आम्हाला जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर मिळाली. भिंती जाड, खोली प्रशस्त आणि भाडे परवडणारे होते, परंतु पावसाळ्यात भिंतींना ओल येऊन पोपडे सुटत आणि हातकागदावरील जलरंगांना ते मारक होते. त्यावर आमच्यातील एका शिल्पकारांनी उपाय काढला. मूळ भिंतीवर उभ्या लाकडी पट्ट्या मारून, मध्ये दोन इंचांची पोकळी सोडून त्यांनी प्लायची दुसरी भिंत उभी केली आणि वरखाली फट ठेवून हवा खेळती ठेवली. चित्रांच्या चौकटींना मागून चारही कोपऱ्यांत बुचाच्या चकत्या चिकटवल्या, म्हणजे पाठ प्लायलाही टेकत नाही. आषाढात मी एक चौकट उतरवून मागचा पुठ्ठा हाताने चाचपून पाहिला, तो खडखडीत कोरडा होता. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे ५७ इंचांवर यावा, हा संग्रहालयांतील प्रघात आम्ही पाळतो. फक्त बैठकीच्या कोपऱ्यात चित्रे थोडी खाली लावतो, कारण तेथे लोक गादीवर बसून चहा घेत चित्र पाहतात.

विक्रीतील २० टक्के रक्कम संस्थेला जाते आणि उरलेली चित्रकाराला मिळते. हा दर कमी ठेवता येतो, कारण दालनात पगारी माणूस नाही; प्रत्येक सभासद पाळीने बसतो. पाळ्यांचे वेळापत्रक जुळवताना कोल्हापूरचे सगळे पंचांग समोर ठेवावे लागते. एक शिल्पकार मूर्तिकार घराण्यातील आहेत. ज्येष्ठापासून गणेश चतुर्थीपर्यंत त्यांना मान वर करायला सवड नसते, म्हणून त्यांच्या पाळ्या दिवाळीनंतर एकत्र लावल्या जातात. ज्यांची शेती आहे त्यांना ऊसतोडीच्या हंगामात सूट असते. पाळीवर बसलेल्याने स्वतःच्या चित्राविषयी गिऱ्हाइकाशी आपणहून बोलायचे नाही, असाही एक अलिखित संकेत आहे, आणि त्यामुळे झाले असे की आम्ही एकमेकांची चित्रे समजून घेऊ लागलो. दुसऱ्याच्या चित्राविषयी चार वाक्ये नीट सांगायची तर त्याच्या घरी जाऊन त्याला काम करताना पाहावे लागते.

एकत्रित काम तेथूनच सुरू झाले. संस्थेने घेतलेले छपाईयंत्र एकट्या मुद्राचित्रकाराला परवडले नसते. आता त्यावर कोणीही नाममात्र भाडे देऊन काम करतो. २०१९ च्या महापुरावर एक मालिका करावी, असे सुलेखनकार आणि त्या ताईंनी ठरवले. ताईंनी हातकागदावर पाण्याच्या पातळीचे फिकट जलरंग द्यायचे, सुलेखनकाराने पूररेषेच्या नोंदींसारखी अक्षरे कोरायची आणि मुद्राचित्रकाराने ती छापायची, अशी योजना होती. अम्लरेखनासाठी (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरलेल्या रेषा छापण्यासाठी) कागद भिजवावा लागतो आणि भिजवला की खालचा जलरंग फुटतो, म्हणून लिनोवर (मऊ लिनोलियमच्या तुकड्यावर) अक्षरे कोरून ती रंगवलेला कागद कोरडाच ठेवून छापण्याचे ठरले. अक्षरे उलटी कोरावी लागत असल्याने सुलेखनकार प्रत्येक शब्द पारदर्शक कागदावर लिहून तो पालथा घालत असत, आणि शिरोरेषा एकसंध राहावी म्हणून ती सर्वांत शेवटी मोकळी करत. प्रत्येक चित्राच्या पंधरा प्रती काढल्या. पेन्सिलीने डावीकडे क्रमांक आणि उजवीकडे तिघांच्या सह्या, हे ठरवण्यापूर्वी मुद्राचित्रकाराची सही असावी की नाही यावर मोठा वाद झाला, कारण काहींच्या मते तो केवळ छापणारा होता. शाई किती घट्ट ठेवायची आणि दाब कोठे हलका करायचा, हे निर्णय त्याचे होते, आणि त्यांवरच चित्राची मजा अवलंबून होती, ही बाजू सभेत टिकली. साहित्याचा खर्च व संस्थेचा हिस्सा वजा करून उरलेल्या रकमेचे तीन समान भाग होतात. संयुक्त कृतीचा स्वामित्वहक्क तिघांचा असतो आणि शेवटच्या हयात कलावंताच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो, हेही करारात लिहून घेतले आहे.

सध्या संस्थेच्या व्यवस्थापक समितीपुढे आमच्या चौकटी करणाऱ्या कारागिरांचा सभासदत्वाचा अर्ज आहे. ते स्वतः चित्र काढत नाहीत, परंतु ओलीवर मात करणाऱ्या त्या बुचाच्या चकत्या त्यांचीच कल्पना होती, आणि कोणत्या चित्राला सागवानाची पट्टी हवी व कोणत्याला काहीच नको, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले कळते. उपविधींतील “काम करणारा कलावंत” या व्याख्येत ते बसतात की नाही, यावर मते जवळजवळ निम्मी विभागली आहेत. मी त्यांच्या बाजूचा आहे. मुद्राचित्रकाराच्या सहीसाठी जो युक्तिवाद मान्य झाला, तोच येथेही लागू पडतो. व्याख्येत बदल करायचा तर सर्वसाधारण सभेचा ठराव आणि उपविधी दुरुस्तीला निबंधकांची मंजुरी लागेल. अर्जाची तीन महिन्यांची मुदत मात्र त्याआधीच संपते, म्हणून येत्या रविवारी समितीची सभा बोलावली आहे.