काकांची लाल मारुती आणि चार दिवसांचं पॉलिश

मिरजेच्या काकांची मारुती 800 आहे, 1996 चं मॉडेल, लाल. गेल्या डिसेंबरात गेलो तेव्हा खरा लाल फक्त दारांच्या आतल्या कडांना उरला होता. टप आणि बॉनेट खडू फासल्यासारखे गुलाबी-पांढरे पडलेले. बोट फिरवलं की भुकटी यायची. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तीन वर्षं गाडी अंगणातल्या उंबराखाली उभी होती. पिकलेली उंबरं वर पडून फुटायची, पाखरं शिटायची, आणि कधी पाणी मारलंच तर ते बोअरचं, क्षारांचं. गॅरेजवाल्याने एका नजरेत निकाल दिला होता, सगळा रंग खरवडून नवीन मारा. काका तयारही झाले होते. मी म्हटलं, काका, मला चार दिवस द्या.

कारखान्यात भट्टीत भाजून बसवलेला रंग एकदा खरवडला की गेला. गल्लीतल्या पेंटरचा हात कितीही चांगला असला तरी त्याच्याकडे ती भट्टी नसते. आणि मला राहून राहून वाटत होतं की खालचा लाल अजून शाबूत आहे.

डिकीच्या कोपऱ्यात पांढऱ्या सुती फडक्यावर थेंबभर पॉलिश घेऊन चोळलं. फडकं लाल झालं. म्हणजे वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर नाही, रंग आणि तकाकी एकाच थरात. जुन्या सॉलिड रंगाच्या पुष्कळ गाड्या अशाच असायच्या. अशा रंगाचा वरचा थर उन्हाने आणि हवेने मरतो आणि खडूसारखा बसून राहतो, त्याच्याखाली धड रंग असतो. पॉलिशने रंग चढत नाही, हा मेलेला थर तेवढा निघतो. काढलेलं परत लावता येत नाही, म्हणून मोजूनच काढायचं.

रंगाची जाडी मोजायला मित्राचं थिकनेस गेज नेलं होतं. टपावर 80 ते 85 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), बॉनेटवर 90 च्या आसपास. प्रायमरसकट सगळे थर मिळून माणसाच्या केसाएवढी जाडी! मग डाव्या मागच्या दारावर लावलं तर 340. पुन्हा लावलं, तेच. खाली पुट्टी असल्याशिवाय एवढा आकडा येत नाही. काकांनी चष्म्यावरून काकूकडे बघितलं. ती ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती.

"2003 साली फाटकाचा खांब लागला होता," ती म्हणाली. "मी गाडी चालवायला शिकत होते तेव्हा. ह्यांनी कुणाला सांगितलं नाही."

पहिला दिवस धुण्यात गेला. धुतल्यावर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून टपावर हात फिरवा. उघड्या हाताला जे कळत नाही ते पिशवीतून कळतं. टप पॉलिशपेपरसारखा लागत होता. काका रेल्वेत होते आणि क्वार्टर यार्डाला लागून होतं. गाडीची पहिली बरीच वर्षं तिथे उघड्यावर गेली. कोपऱ्यात आधी तपासून मग टपावर आयर्न रिमूव्हर फवारलं. पाच मिनिटांत खाली फरशीवर जांभळे ओघळ उतरायला लागले. लोखंडाच्या कणांशी त्या औषधाचा संयोग झाला की तो रंग येतो. काका काठी टेकत आले आणि वाकून बघत राहिले. म्हणाले, "आमच्या ब्रेकचं लोखंड रे ते." त्यानंतर क्ले, म्हणजे रंगावरची घाण उचलणारा मऊ मातीसारखा गोळा. साबणाच्या पाण्यावर हलक्या हाताने फिरवायची, मळली की दुमडायची, खाली पडली तर सरळ टाकून द्यायची, कारण तिला चिकटलेला एक खडा दारावर फूटभर ओरखडा काढतो.

दुसऱ्या दिवशी पॉलिशचं मशीन बाहेर काढलंच नाही. तेलकट ग्लेझ हाताने चोळलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सुकलेल्या सिंगल स्टेज, म्हणजे अशा एकाच थराच्या रंगाला हे फार मानवतं. सकाळी पुसलं तर टप गुलाबीचा विटकरी झाला होता.

मशीन ड्युअल अ‍ॅक्शन, डोलण्याचं अंतर 15 मिलिमीटर. नुसतं गोल फिरणारं रोटरी जास्त वेगाने कापतं, पण एका जागी रेंगाळलं की रंग जळतो. ड्युअल अ‍ॅक्शनचं पॅड फिरता फिरता डोलतंही, त्यामुळे उष्णता विखुरते. पॅड ज्यावर बसतं त्या बॅकिंग प्लेटच्या कडेला मी मार्करने एक रेघ मारून ठेवतो. रेघ गोल फिरताना दिसली पाहिजे. हात जास्त दाबला की पॅड फिरायचं थांबतं, नुसतं थरथरतं, आणि काम होत नाही. नवखा माणूस अशा वेळी आणखी दाबतो. दाब कमी करायचा असतो.

आधी एका चौरस फुटावर चाचणी घेतली. सगळ्यात मऊ पॅड आणि बारीक पॉलिशने सुरुवात केली, भागलं नाही, म्हणून मधलं फोमचं पॅड आणि मध्यम कंपाउंड, म्हणजे जरा जाडसर पॉलिश. त्यावर लाल उघडला. तिथेच थांबलो. लोकरीचं पॅड लावलं असतं तर अर्ध्या वेळात झालं असतं, पण रंगही तेवढाच जास्त गेला असता. मग दोन फूट बाय दोन फुटाचा तुकडा, पॅडवर चार थेंब, आधी आडवे मग उभे हात, सेकंदाला इंचभर. पत्रा सावलीत, थंड. वायर खांद्यावरून मागे टाकलेली. पॅडमध्ये लाल चिखल भरत जातो, तो दर तुकड्यानंतर ब्रशने झाडायचा, नाहीतर तोच रंग परत पत्र्यावर घासला जातो. एकट्या टपासाठीच सहा पॅड लागली.

बॉनेटच्या कडेला माझ्याकडून चूक झाली. धारेवर रंग सगळ्यात पातळ असतो, म्हणून मास्किंग टेप लावली होती. उष्णतेने ती एका टोकाला सुटली आणि माझ्या लक्षात आलं नाही. दोन सेकंद. दोऱ्याएवढी राखाडी रेघ उघडी पडली, खालचा प्रायमर. मशीन बंद करून बराच वेळ पायरीवर बसलो. काका म्हणाले, "चालू दे रे." मला अजून ती रेघ आधी दिसते.

टप आणि बॉनेट झाल्यावर दारं उन्हात बघितली, तर सगळीकडे कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा. त्या उंबराच्या नव्हेत. गाडी चालती होती तेव्हा काका रोज सकाळी कोरडं पिवळं फडकं मारायचे, एक दिवस चुकायचा नाही. कोरड्या धुळीवर फडकं म्हणजे वाळू घासणं. हे त्यांना सांगणं जड गेलं. सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मग पुसायची कशी?" आधी पाणी सोडायचं, धूळ वाहू द्यायची, मग शाम्पू, मग मायक्रोफायबर. त्यांनी मला दोनदा म्हणून दाखवलं.

डिकीवरचा एक ओरखडा सोडून दिला. नख अडकतं इतका खोल आहे, तो घासत बसलं तर भोवतीचा रंग संपेल.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मेण लावून गाडी फाटकाबाहेर घेतली. टप इतका लाल की उंबराच्या फांद्या त्यात उलट्या दिसत होत्या. आणि तेव्हा कळलं की डावं मागचं दार वेगळं आहे, जरा नारिंगीकडे झुकणारं. इतकी वर्षं सगळीच गाडी विटलेली होती, म्हणून ते खपून गेलं. मी काकांना म्हटलं, एवढं एक दार शेड जुळवून मारून घेऊया.

काकू दारापाशी उभी होती. "राहू दे," म्हणाली. "ते माझं आहे."