तुम्ही विचारलंत म्हणून: बरणीवर ‘ह्यात साखर आहे’ असं का लिहिलंय?

हा प्रश्न आता तीन वर्षं ऐकतेय. गिऱ्हाईक बरणी हातात घेतं, फिरवून मागचं वाचतं आणि मग माझ्याकडे असं बघतं, की मीच माझ्या मालाची बदनामी करतेय. “ताई, तुम्ही साखर घालत नाही ना? खारीकच घालता ना? मग ‘ह्यात साखर आहे’ कशाला लिहिलंय?” एका बाईंनी तर बाजूला घेऊन समजावलं, की असलं लेबल लावलंत तर मुंबईत काजू बटरला कोण हात लावणार नाही. बाई, मला माहीत आहे. पहिलं लेबल मीच लिहिलं होतं: ‘साखर नाही. नैसर्गिक गोडवा.’ हिरवी अक्षरं, कोपऱ्यात काजूचं पान. खपही जास्त होता.

एकदाच सविस्तर लिहिते, म्हणजे पुढच्या वेळी हेच पाठवून मोकळी होईन.

साखर आहे, कारण खारकेत साखर असते. खारकेचं निम्म्याहून जास्त वजन साखरेचंच. खजुराचा चोथा असतो, त्यामुळे ती जरा सावकाश चढते, हे मान्य. पण चढते. गुळाचं तर बोलूच नका, गूळ म्हणजे उसाचीच साखर, रंगासकट. आणि काजू तरी कुठे साधा? शंभर ग्रॅम काजूत पाच-सहा ग्रॅम साखर त्याची स्वतःची, वर वीसेक ग्रॅम स्टार्च. नुसता गर चावला तरी गोड लागतो तो उगाच नाही.

“मग मध घाला” म्हणणाऱ्यांसाठी: मधात पाणी असतं, काकवीत असतं, मऊ खजुरात असतं. पहिल्या वेळी मी मऊ खजूरच घातला होता. काजूचं बटर सुरेख सैल झालेलं, चमचा उचलला की धार पडत होती. त्यात आठ खजूर टाकले आणि मिक्सर फिरवला, तर मिनिटभरात सगळं आवळून आलं. भांड्यात लाडवाचा गोळा आणि खाली पातं एकटंच गरगरतंय. मग मिक्सरच्या बुडाचं लाल बटण फट्कन बाहेर. तेलात सुटे असलेले कण पाण्याचा अंश लागला की एकमेकांना धरून बसतात. म्हणून खारीक. मेच्या उन्हात कडक वाळवायची, अडकित्त्याने कातरून बिया काढायच्या, पुन्हा ऊन दाखवायचं, मग पूड करून जूनच्या आधी घट्ट झाकणात बंद. आमच्याकडच्या पावसात उघडी राहिली की चार दिवसांत तिचा दगड होतो.

असो. लेबलाचं सांगत होते.

माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, शुगर आहे. तेव्हा बारा वर्षं झालेली. 2022 च्या एप्रिलमध्ये मी हा उद्योग सुरू केला. वेंगुर्ल्याचा काजू घरचाच, अख्खा गर विकायला जातो, उरलेल्या तुकड्याचं काय करायचं हा प्रश्न होता. प्रमाण तेव्हा असं: अर्धा किलो तुकडा, दोनशे ग्रॅम खारीक. होय, दोनशे. लोकांना गोड लागलं पाहिजे ना.

पहिली बरणी अण्णांना दिली. बारा वर्षं त्या माणसाला घरात कोणी गोड म्हणून काही पुढे केलं नव्हतं. सकाळी घावण्यावर फासायचे, दुपारी झोपून उठले की चमच्याने, रात्री दुधाबरोबर. अडीचशे ग्रॅमची बरणी तीन दिवसांत. खळ्यात कोणी आलं की त्यालाही चाखायला द्यायचे, “सुनेन केलेला, बिनसाखरेचा.” मी बघत होते. मला कळत नव्हतं असं म्हणणार नाही. आवडत होतं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि माझ्या हातच्या कशाचं त्यांनी असं चारचौघांत कौतुक पहिल्यांदाच केलं होतं.

मे अखेरीला आंब्याची पेटी उचलताना पट्टी निसटून त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर आली. साधी जखम. हळद लावली. आठ दिवसांनी ती तशीच ओली, पंधरा दिवसांनी कडेला काळपट. दीर आणि मी त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेलो. उपाशीपोटी साखर 268. डॉक्टरांनी विचारलं, खाण्यात काय बदल? अण्णा म्हणाले, “काय्येक नाय. ह्या सुनेचा बटर तेवढा.” दिराने पिशवीतून बरणी काढून टेबलावर ठेवली. ती त्याने बरोबर आणली होती, हे मला तिथे कळलं.

डॉक्टरांनी चष्मा वर करून माझं लेबल मोठ्याने वाचलं. ‘साखर नाही. नैसर्गिक गोडवा.’ मग विचारलं, “काय घालता?” मी म्हटलं, खारीक. “किती?” मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत, दोन बोटांनी बरणी माझ्याकडे सरकवली आणि चिठ्ठी लिहायला लागले. तेव्हाच हेही निघालं, की संध्याकाळची गोळी अण्णांनी महिनाभर घेतलीच नव्हती. मी त्यांच्याकडे बघितलं तर ते माझ्यावर रागावलेलेही नव्हते. म्हणाले, “तूच लिवलंस मा, साखर नाय म्हणान. माका वाटला, ह्या औषदच.”

आता माझी बाजू. त्याच मे महिन्यात आमच्या माजघरात हापूसची अढी होती. रोज रस. बरके फणस दोन फोडले, त्यातला कोणी किती खाल्ला ह्याचा हिशोब नाही. टेबलावर आंबा कोणी नेऊन ठेवला नाही, बरणी ठेवली. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी झाली, तिचा आकडा 10.1. मी लगेच म्हटलं, तीन महिने ना? बटर तर पाच-सहा आठवड्यांचं! डॉक्टर म्हणाले, त्या आकड्यात शेवटच्या महिन्याचा वाटा सगळ्यांत मोठा असतो. मी गप्प बसले. पण आंब्यांबद्दल मी अजून गप्प बसलेली नाही. दिराला विचारा.

जखम भरायला सप्टेंबर उजाडला. आमच्याकडे गणपती मूर्तिशाळेतून आणायचा मान अण्णांचा, डोक्यावर घेऊन शेताच्या मेरेवरून चालत, पाऊस असो नसो. त्या वर्षी दिराने आणला. अण्णा पायाला पट्टी बांधून पडवीत खुर्चीवर होते. मूर्ती दारात आली तशी खुर्चीला धरून उभे राहिले, हात पुढे केले आणि पुन्हा मागे घेतले. मी ओवाळायला तबक घेऊन त्यांच्या शेजारीच उभी होते.

तेव्हाची मी अजून भांडते. खोटं काय लिहिलं होतं म्हणते, साखरेचा दाणा तरी घातला होता का? मी म्हणते, मग ‘घातलेली नाही’ लिहायचं होतंस, नुसतं ‘नाही’ का लिहिलंस? ती म्हणते, ‘घातलेली नाही’ वाचून तरी अण्णांनी कमी खाल्लं असतं का? ह्यावर मला उत्तर सुचत नाही. गोळी त्यांनी सोडली, मी सोडायला सांगितली नव्हती, हेही ती ऐकवते.

प्रमाण मात्र बदललं. आता अर्धा किलोला साठ ग्रॅम. गोडी बहुतेकांना तेवढीच वाटते, आणि ह्यात जादू नाही. साखर तेलात विरघळत नाही, ती जिभेवर लाळेत विरघळते. खारकेची पूड जाडसर असेल तर बरीचशी न विरघळताच गिळली जाते. म्हणून ती तलम वस्त्रातून गाळते, मिठाची चिमूट घालते आणि काजू मंद आचेवर बदामी होईस्तोवर भाजते. पंधरा ग्रॅमच्या चमच्याला साखर साधारण दोन ग्रॅम पडते. हा आकडाही बरणीवर आहे. तो कोणी वाचत नाही, वरची ओळ वाचून फोन करतात.

आणि “शुगरवाल्यांना चालेल का?” हे मला विचारू नका. मी बटर करते.

अण्णांना आता रविवारी एक चमचा मिळतो. तो मीच सपाट करून देते. ते चमच्याकडे बघतात, माझ्याकडे बघतात.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, नाहीतर तुम्ही मला फार सोवळी समजाल. गेल्या दिवाळीत ठाण्याहून वीस बरण्यांची ऑर्डर आली, भेट द्यायला. त्यांनी विचारलं, मागचं लेबल न लावता द्याल का, बरं दिसत नाही. मी दोन दिवस थांबले आणि हो म्हटलं. ती वीस लेबलं छापून झाली होती, अजून ड्रॉवरमध्ये आहेत.