आत्याचा पियानो घरी आला!

आज आत्याचा जुना पियानो मंगळवार पेठेतल्या माडीवरून राजारामपुरीत आमच्याकडे आणला. अंग ठणकतंय, पण आनंद मावत नाही.

उभा पियानो दिसतो लाकडी, पण आत बिडाची अख्खी चौकट असते. सव्वादोनशेच्या आसपास तारा आणि त्यांचा एकूण ताण १५-२० टन! वजन सहज २०० ते ३०० किलो, त्यातलं बरंचसं मागच्या बाजूला. जिन्यात कलंडला तर खालच्या माणसाचं काही खरं नाही. म्हणून घरच्या पोरांना मी हात लावू दिला नाही. उद्यमनगरात लेथ मशीन हलवणारी मंडळी बोलावली.

मुकादममामांनी आधी जिन्याचं वळण टेपनं मोजलं. मग झाकण बांधलं, गोधड्या गुंडाळल्या, पट्टे आवळले. तळाच्या चाकांवर ढकलू नका म्हणाले, ती नाजूक असतात. वळणावर सगळा पियानो पट्ट्यांवर तोलून धरलेला, आणि एकटे मामाच बोलत होते, "थांब... डावीकडं... आता एक पायरी." बाकी कुणी चकार शब्द नाही. काय माणसं आहेत ही!

सुरात लावायचं काम दोन-तीन आठवड्यांनी. लाकडाला नव्या खोलीची हवा मानवू दे, त्यात आपल्याकडचा पावसाळी दमटपणा. खिडकी आणि बाहेरची भिंत टाळून आतल्या भिंतीला ठेवलाय.

कुणाला असं जड काही हलवायचं असेल तर मेसेज करा, मामांना विचारून नंबर देते.